दुसरे मत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय सुचविला तो नायजेरियाचा. तेथले राजकारण, तेथला समाज, तेथले खेळ आणि तेथले संगीत यांविषयी काही सांगावे, अशी त्यांची इच्छा. मी त्यांना कळविले की, नायजेरियाविषयी अवश्य बोलेन. मात्र कोंढ्याहून थेट लागोसला न जाता भंडाऱ्यावरून जाण्याची मोकळीक मला असावी. दूरच्या देशाचा इतिहास ऐकताना आपल्याला एक प्रकारचे सुख होते, कारण त्यात आपला दोष कोठेच नसतो. ते सुख आज मी आपणांस पुरते मिळू देणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

नव्वदी ओलांडलेले कोणी आजोबा-आजी या सभेत असतील, तर त्यांना कदाचित आठवत असेल की, आपल्या जिल्ह्यातील मतदाराच्या हातात एके काळी लोकसभेसाठी दोन मतपत्रिका पडत असत. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. लोकसभेच्या जागा होत्या ४८९, पण मतदारसंघ होते ४०१. त्यांतील ८६ मतदारसंघांतून दोन-दोन सभासद निवडून द्यावयाचे होते. एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी राखून ठेवलेली. भंडारा हा त्या ८६ पैकी एक होता. त्या वेळी आपला जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता, आणि गोंदिया त्याच्याच पोटात होते.

मत देण्याची रीतही आजच्यासारखी नव्हती. शिक्का मारावयाचा नव्हता, बटण दाबावयाचे नव्हते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले. मतदाराने पडद्याआड जावे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकावा. द्विसदस्य मतदारसंघात असे दोन कागद मिळत. ते दोन्ही एकाच पेटीत टाकता येत नसत. टाकले तर त्यांतला एक बाद होई. म्हणजे कायदा मतदाराला सांगत होता, 'एक मत तुला ज्याला द्यावयाचे त्याला दे. पण दुसरे दुसऱ्या माणसाला दिले पाहिजेस.' या दुसऱ्या मताची गोष्ट हाच आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

हे दुसरे मत आले कोठून? त्याचे मूळ १९३२ सालच्या पुणे करारात आहे. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत, त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी होती. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी करार झाला. राखीव जागा वाढल्या, प्रांतिक विधिमंडळांत त्या १४८ ठरल्या. पण मतदारसंघ संयुक्त राहिले. याचा अर्थ असा की, राखीव जागेवर उभा राहणारा माणूस अस्पृश्य समाजाचा असेल, परंतु त्याला निवडणारे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे असतील. करार करणाऱ्यांच्या एका बाजूला आशा होती की, यामुळे सवर्ण मतदाराला दलित उमेदवाराच्या दारी विचार करण्यास यावे लागेल. दुसऱ्या बाजूला भीती होती की, जो उमेदवार बहुसंख्यांना रुचेल, त्यांच्यापुढे मान ताठ करणार नाही, तोच निवडून येईल. आशा खरी की भीती खरी, याची परीक्षा देशात अनेक ठिकाणी झाली. तिच्यातील एक मोठी परीक्षा आपल्या भंडाऱ्यात झाली.

ती कशी उद्भवली तेही ऐकण्यासारखे आहे. पहिल्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. मुलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या प्रसिद्ध पेढीचे ते भागीदार होते. सैनिकांच्या कॅन्टीनला विड्या पुरविण्याचा या पेढीचा केंद्र सरकारशी करार होता, आणि सरकारशी असा करार असलेल्या माणसाला निवडणुकीस उभे राहता येत नाही, असा आक्षेप निघाला. त्याच अर्जात दुसरा एक आक्षेप होता. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी भरलेला अर्ज नाकारण्यात आला होता. कारण काय, तर ते जन्माने महार असले तरी महानुभाव पंथात गेले आहेत, सबब ते आता महार राहिलेले नाहीत!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे बोस पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे आपला मुलूख त्यांच्या परिचयाचा. पंथ बदलल्याने जात सुटते का, हे ठरविताना न्यायालयाने पाहिले की, जुना समाज त्या माणसाला आपला मानतो का, तो स्वतः काय मानतो, आणि नवा पंथ त्याविषयी काय म्हणतो. या तिन्ही कसोट्यांवर ठवरे महारच राहिले होते. त्यांचा अर्ज नाकारणे चूक होते. विड्यांच्या कराराचा आक्षेपही टिकला. भंडाऱ्याची सबंध निवडणूक रद्द झाली.

श्रोतेहो, क्षणभर थांबून या खटल्याकडे पाहा. आपल्या जिल्ह्याचे सारे समाजजीवन त्यात उतरले आहे. तेंदूची पाने तोडणारे हात, विड्या वळणारी बोटे, त्या विड्यांवर उभा राहिलेला व्यापार, आठशे वर्षांपूर्वी चक्रधरस्वामींनी सांगितलेला पंथ, आणि त्या पंथात जाऊनही माणसाच्या पाठीमागून आलेली जात. इतिहास लिहावयास बसलेल्याला याहून चांगले साधन सहसा सापडत नाही.

पोटनिवडणूक जाहीर झाली, आणि राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर स्वतः उभे राहिले. १९५२ साली मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला होता. पुढे ते राज्यसभेवर गेले होते. पण लोकांतून निवडून येऊन लोकसभेत बसावे, ही त्यांची इच्छा होती. वय नुकतेच ६३ पूर्ण झालेले, प्रकृती मधुमेहाने खालावलेली. महिना मे, आणि मे महिन्यातले झाडीपट्टीचे ऊन कसे असते ते मी आपणांस सांगण्याची गरज नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम तो हाच. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. काँग्रेसतर्फे राखीव जागेवर भाऊराव बोरकर होते. काँग्रेसचे चिन्ह होते बैलजोडी. ज्या जिल्ह्यात बैलजोडीवर लोकांचे घरच्या माणसाइतके प्रेम, तेथे या चिन्हाचे बळ किती असेल, याचा आपणच विचार करा.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले, म्हणजे काँग्रेस हरली. राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी झाले, म्हणजे काँग्रेस जिंकली. एकाच मतदारसंघात, एकाच निवडणुकीत, एकाच मतदारांनी हे दोन निकाल दिले! आंबेडकरांना सव्वा लाखाहून अधिक मते पडली, आणि पराभव झाला तो सुमारे आठ हजारांनी. लोकांपुढे मत मागण्यासाठी त्यांनी लढविलेली ही शेवटची निवडणूक. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

या निकालाचा अर्थ लावताना घाई करू नये. राखीव जागेवरचे सगळेच उमेदवार अनुसूचित जातींचे होते. तेव्हा बोरकरांना मत देणाऱ्या प्रत्येकाने जातीच्या द्वेषाने मत दिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्याला सात वर्षेही झाली नव्हती. काँग्रेस हे नाव पुष्कळांना देवघरातल्या देवासारखे होते. शिवाय सव्वा लाख मते काही एका समाजाची असू शकत नाहीत. म्हणजे जातीची वेस ओलांडून आंबेडकरांना मत देणारी माणसेही या जिल्ह्यात हजारोंनी होती. त्यांचे ऋण विसरता कामा नये.

परंतु एवढे मान्य केल्यावरही एक हिशेब उरतोच. काँग्रेस नको म्हणून ज्यांनी मेहतांना मत दिले, त्यांच्यापैकी पुष्कळांनी दुसरा कागद हातात घेतल्यावर आंबेडकरांची पेटी ओलांडली. ज्याने या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला, ज्याच्या विद्वत्तेविषयी शत्रूलाही शंका नव्हती, त्याच्या पेटीपाशी हात अडला. का अडला? कारण त्या काळी हा माणूस सर्वांचा न वाटता 'त्यांचा' वाटत होता. आणि जो 'त्यांचा' आहे, त्यातही ताठ मानेचा आहे, त्याला आपले दुसरे मत देण्याची सवय आपल्या हाताला नव्हती. पुणे कराराच्या वेळी वाटलेली भीती ती हीच.

त्या काळच्या आठवणींत आणखी एक गोष्ट सांगितली जाते. आंबेडकरांच्या कार्यकर्त्यांपैकी काहींनी सुचविले की, आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, कोणालाच देऊ नये. म्हणजे आपले पारडे जड होईल. बाबासाहेबांनी ते मानले नाही. मिळालेले मत वाया घालविणे हे लोकशाहीला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. स्वतःच्या पराभवाची शक्यता समोर दिसत असताना त्यांनी आपल्या माणसांना दुसरे मत दुसऱ्याला द्यावयास सांगितले. मला या सबंध प्रकरणात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. दुसऱ्या मताची शिकवण ज्याने पाळली, तोच दुसऱ्या मताने हरला.

आता आपण म्हणाल की, राजकारणात जात येते, पण आमचा समाज तसा एकोप्याचा आहे. आमचा पट पाहा, आमचे नाटक पाहा. अवश्य पाहू. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरे भरतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी आपली रीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या रंगभूमीने लोकांना जे वेड लावले आहे, ते पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांनी येऊन पाहावे. दंडार आणि खडी गंमत या तिच्या थोरल्या बहिणी. टिपऱ्यांचा ठेका, ढोलकीची थाप, शाहिराचा सवाल आणि त्याला प्रतिपक्षाचा जबाब! झाडीपट्टीच्या या कलेसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती फुगली होती.

पटाचेही तसेच. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. मधल्या काळात पटाच्या दाणीकडे पाहून हळहळणारी माणसे मी पाहिली आहेत. जोडी सुटली म्हणजे टाळ्या वाजविणारा मालकाची जात विचारीत नाही, हे खरे. रात्री नाटकात खलनायकावर चिडणारा आणि नायिकेच्या दुःखाने डोळे पुसणारा प्रेक्षक नटाचे आडनाव विचारीत नाही, हेही खरे. आणि नाटकातली माणसे आपल्या झाडीबोलीत बोलू लागली की, ज्या बोलीला शाळेत हसतात तिच्याच जोरावर सारा मांडव एका घरासारखा होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीची थोरवी दाखविली, ती उगीच नव्हे.

पण श्रोतेहो, येथेही प्रामाणिकपणे बोलू. पटाची जोडी कोणाच्या गोठ्यात असते? ज्याच्या नावावर धानाची बांधी आहे त्याच्या. ज्याला रोवणीला दुसऱ्याच्या बांधीत जावे लागते, तो पटाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवितो. आणि ज्या वाजंत्र्याच्या थापेवर साऱ्या गावाने डोलावे, त्याला जेवायला मात्र वेगळे बसवावे, हे आपल्या आजोबांच्या काळी कोणाला खटकत नव्हते. कलेला दाद द्यावी आणि कलावंताला अंतर द्यावे, ही विद्या आपल्याला फार पूर्वीपासून येते. टाळी आणि मत यांत फरक आहे तो हा. टाळी वाजविली की हात मोकळा होतो. मत दिले म्हणजे आपल्यावर अधिकार चालविण्याचा हक्क आपण दुसऱ्याच्या हाती देतो.

आणि हा अधिकाराचा प्रश्न किती खोल जातो, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. त्या दिवसाविषयी बोलताना आपला स्वर आपोआप खाली येतो, आणि तो यावा हेच योग्य. त्याही परिसरात मंडई भरत होती, तेथेही लोकांना नाटकाचे वेड होते. म्हणून मी म्हणतो, एकत्र बसून गाणे ऐकले एवढ्यावर समाज एक झाला असे समजू नये.

आता आपण नायजेरियाकडे वळू. भंडाऱ्यावरून जाण्याची मोकळीक मी का मागितली, ते आपल्या ध्यानात येईल.

पश्चिम आफ्रिकेतील हा देश इंग्रजांनी घडविला. १ जानेवारी १९१४ रोजी लॉर्ड लुगार्ड यांनी उत्तरेचा आणि दक्षिणेचा मुलूख एकत्र बांधून एका कारभाराखाली आणला. उत्तरेत हौसा आणि फुलानी, बहुतेक मुसलमान, नैर्ऋत्येस योरुबा, आग्नेयेस इग्बो, बहुतेक ख्रिस्ती, शिवाय लहान-मोठे शेकडो समाज आणि शेकडो भाषा. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. आपले महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे, म्हणजे नायजेरियाहून पाचच महिन्यांनी वडील.

स्वतंत्र झालेल्या त्या देशात तीन प्रांत होते आणि प्रत्येक प्रांताचा आपापला पक्ष होता. उत्तरेचा माणूस उत्तरेच्या पक्षाला, योरुबा योरुबांच्या, इग्बो इग्बोंच्या. दुसऱ्या मताचे नावच नाही! परिणाम व्हावयाचा तोच झाला. जानेवारी १९६६ मध्ये लष्कराने पंतप्रधान बालेवा यांची हत्या केली; जुलैत उलट बंड झाले; उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. ३० मे १९६७ रोजी पूर्वेने 'बियाफ्रा' या नावाने वेगळे राष्ट्र जाहीर केले. जानेवारी १९७० पर्यंत युद्ध चालले. त्यात दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक गोळीने मेली नाहीत, भुकेने मेली. मरणाऱ्यांत मुले अधिक.

एवढी किंमत मोजल्यावर नायजेरियाच्या घटनाकारांनी एक विलक्षण नियम केला. १९७९ च्या घटनेत त्यांनी लिहिले की, राष्ट्राध्यक्ष होऊ इच्छिणाऱ्याला देशात सर्वांत अधिक मते पडली एवढे पुरे नाही. निदान दोनतृतीयांश राज्यांत प्रत्येकी एकचतुर्थांश तरी मते पडली पाहिजेत. म्हणजे आपल्याच लोकांची मते घेऊन गादीवर बसता येणार नाही. परक्यांच्या दारी जावे लागेल. आपल्या कायद्याने मतदाराला दुसरे मत दिले होते. त्यांच्या घटनेने उमेदवारावर दुसऱ्याचे मत मिळविण्याची सक्ती केली. रोग एकच, औषध निराळे.

औषध घेतानाही गंमत झाली. राज्ये होती १९, आणि १९ चे दोनतृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोनतृतीयांश. शेहू शगारी यांनी १२ राज्यांत अट पुरी केली, तेराव्यात ते कमी पडले. राज्याचे दोनतृतीयांश कसे मोजावयाचे, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, आणि निकाल शगारींच्या बाजूने लागला. नियम कितीही शहाणपणाचा केला, तरी वकिलाला त्यात फट सापडते, हे भंडाऱ्यापासून लागोसपर्यंत सारखेच. १९८३ च्या अखेरीस लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १२ जून १९९३ रोजी लष्करी राजवटीखालीच निवडणूक झाली. एका बाजूला मोशूद अबिओला, योरुबा मुसलमान, मोठे उद्योगपती आणि खेळांचे उदार आश्रयदाते. दुसऱ्या बाजूला उत्तरेतील कानोचे बशीर तोफा. त्या दिवशी नायजेरियाच्या मतदाराने जे केले ते कोणाला शक्य वाटत नव्हते. उत्तरेने दक्षिणेच्या माणसाला मते दिली. ख्रिस्ती मतदाराने मुसलमानाला दिली. खुद्द तोफांच्या कानो राज्यात अबिओला पुढे गेले! ज्या देशाने बियाफ्रा पाहिला होता, त्या देशाने आपले दुसरे मत शोधून काढले होते. आणि मग २३ जून रोजी लष्करशहा बाबांगिडा यांनी ती निवडणूकच रद्द केली. पुढच्या वर्षी अबिओला यांनी आपला हक्क जाहीर केला, तेव्हा त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. जून १९९६ मध्ये त्यांच्या पत्नी कुदिरत यांना लागोस येथे गोळ्या घालून मारण्यात आले. ७ जुलै १९९८ रोजी अबिओला कैदेतच वारले.

याच काळात खेळाने काय केले? १९९६ च्या उन्हाळ्यात अटलांटा येथे ऑलिंपिक सामने भरले. फुटबॉलच्या उपान्त्य सामन्यात नायजेरिया ब्राझीलविरुद्ध १-३ असा मागे होता. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बरोबरी साधली, आणि ज्यादा वेळात कर्णधार कानूने गोल करून सामना ४-३ असा जिंकला. ३ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाचा ३-२ असा पराभव केला. आफ्रिकेला फुटबॉलचे ऑलिंपिक सुवर्णपदक प्रथमच मिळाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले ते तरुण एका जर्सीत होते, आणि सारा देश रस्त्यावर नाचत होता. पण त्याच दिवशी देशाने निवडलेला माणूस तुरुंगात होता. विजयोत्सव संपला, लोक घरी गेले, तुरुंगाचे दार बंदच राहिले. टाळी आणि मत यांतील फरक मी मघाशी सांगितला, तो येथे आपल्या प्रत्यक्ष दृष्टीस पडतो.

मग गाणे निरुपयोगी म्हणावे काय? तसे मी म्हणणार नाही. नायजेरियात फेला कुटी नावाचा एक मोठा गवई होऊन गेला. जन्म १९३८, मृत्यू १९९७. योरुबा ताल आणि अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत यांच्या मिलाफातून त्याने 'आफ्रोबीट' नावाची नवी गायकी उभी केली. तो योरुबा, पण आपली बहुतेक गाणी त्याने बाजारातल्या मोडक्यातोडक्या, मिसळलेल्या पिजिन इंग्रजीत रचली. शिकलेले लोक त्या भाषेला नाक मुरडीत. पण हौसा, इग्बो, योरुबा, सगळ्यांना ती कळे. आपल्या झाडीबोलीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्या भाषेत त्याने लष्करशहांची टिंगल केली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी शेकडो सैनिकांनी त्याच्या घराला वेढा घालून ते जाळले. त्याच्या वृद्ध आईला, फुन्मिलायो रॅन्सम-कुटी या स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेल्या बाईंना, खिडकीतून खाली फेकले. पुढल्या वर्षी त्या वारल्या. राज्यकर्त्यांना गाण्याचे भय वाटते, कारण जे गाणे सर्वांना कळते ते माणसांना एकमेकांचे दुःख कळविते. गाण्याने मत मिळत नाही. पण ज्या जमिनीत दुसरे मत रुजते, ती जमीन गाणे भिजवून ठेवते. रोवणी मात्र माणसालाच करावी लागते.

आता परत फिरू. १९९९ च्या मे महिन्यात नायजेरियात नागरी राज्य आले. एकचतुर्थांश मतांचा नियम तेथे पुढेही राहिला, आणि १२ जून हा दिवस २०१९ पासून लोकशाहीदिन म्हणून पाळला जाऊ लागला. हरलेल्या, रद्द झालेल्या निवडणुकीचा दिवस त्यांनी राष्ट्राचा दिवस केला! आपल्याकडे द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. दोन कागद जाऊन एकच राहिला. राखीव जागा वेगळ्या मतदारसंघांत गेल्या आणि भंडाऱ्याची ती पोटनिवडणूक विस्मृतीत गेली. मे महिन्यातल्या त्या निवडणुकीची आठवण आपण कोणत्या स्वरूपात ठेवली आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

परंतु दुसरे मत खरोखरीच गेले काय? माझ्या मते गेले नाही. ते आपल्या गावात परत आले आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक आठवा. एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात. त्यांतली एखादी अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी असते, एखादी स्त्रियांसाठी. मतदाराला जागेगणिक एक मत द्यावयाचे असते. पहिले मत आपण ज्याला देतो तो बहुधा आपल्या घरचा, आपल्या भावकीचा, आपल्या मोहल्ल्याचा असतो. त्याविषयी मी काही बोलत नाही. माणसाला आपले माणूस प्रिय असावयाचेच. पण दुसऱ्या जागेचे बटण दाबताना आपण काय करतो? त्या वस्तीतील सर्वांत लायक, सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा माणूस निवडतो, की जो आपल्यासमोर खाली बसेल, आपल्या म्हणण्यावर सही करील, तो निवडतो? सरपंचपद राखीव झाले म्हणजे खुर्चीवर कोण बसतो आणि कारभार कोणाच्या ओसरीवरून चालतो, हे आपल्याला मी सांगावयास नको.

१९५४ साली आठ हजार मतांचे अंतर पडले. त्या वेळच्या जिल्ह्यात गावे शेकडोंनी होती. गावागणिक हिशेब केला तर काही थोड्या माणसांचा प्रश्न होता. प्रत्येक गावात आणखी काही हात पेटीपाशी अडले नसते, तर भंडाऱ्याचे नाव इतिहासात निराळ्या रीतीने लिहिले गेले असते. ती माणसे वाईट नव्हती. ती आपल्या आजोबा-पणजोबांसारखीच होती, देवभोळी, कष्टाळू, पाहुण्याला पाणी देणारी. त्यांच्या हातून एक गोष्ट राहून गेली. ती पुरी करण्याची संधी आपल्याला दर पाच वर्षांनी, आपल्याच गावातील शाळेच्या खोलीत, पडद्याआड, एकट्याने मिळत असते. तेथे आपल्याला कोणी पाहत नाही. म्हणूनच तेथे आपण कोण आहोत ते कळते.